लहान पेट्रोल एंजिन : विश्वसनीयता व निगा

१. विषयप्रवेश

विजेची तार जेथे पोहोचलेली नाही, किंवा पोहोचूनही ऐन गरजेच्या वेळी तीतून वीज येत नाही, तेथे सामान्य मनुष्याला परवडणारे शक्तिसाधन म्हणजे लहान पेट्रोल एंजिन होय. भाताच्या खाचरात पाणी चढविणारा पंप, मळ्यातील तण काढणारे यंत्र, फळबागेतील फवारणीयंत्र, रस्त्याच्या कडेचा उसाच्या रसाचा घाणा, लहान दवाखान्यातील वीजजनित्र अशी नाना कामे या एंजिनाने देशभर पत्करली आहेत. ज्याच्याजवळ असे एक एंजिन असते त्याच्याजवळ बहुधा दुसरे नसते. म्हणून ते बंद पडले की काम नुसते लांबत नाही. दाणा भरण्याच्या दिवसांत पाणी न मिळालेले पीक मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही, आणि लसी ठेवलेली शीतपेटी काही तासांपलीकडे वाट पाहत नाही.

या एंजिनांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. स्वस्त एंजिन टिकावयाचेच नाही, हे एक. आणि नामांकित कारखान्याचे एंजिन घेतले की चिंता मिटली, हे दुसरे. वस्तुतः दोन्ही मते अपुरी आहेत. एंजिनाची विश्वसनीयता काही अंशी कारखान्यात घडते व काही अंशी ते वापरणाऱ्याच्या हातून घडते. महाग एंजिनात जी तपासणी कारखाना करतो, तिच्यापैकी बराच भाग स्वस्त एंजिनाच्या मालकाला स्वतः करावा लागतो. ही तपासणी कोणती, आणि तिच्या मुळाशी कोणती शास्त्रीय कारणे आहेत, हे प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

२. एंजिनाची रचना

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावांचे एंजिन सिद्ध केले. आजची बहुतेक लहान एंजिने त्याच तत्त्वावर चालतात. दट्ट्या, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील पिस्टन, सिलिंडरमध्ये खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. ठिणगी पडून मिश्रण पेटले की वायूंच्या दाबाने पुन्हा खाली ढकलला जातो. आणि चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर लोटतो. चार धावांत एकच धाव शक्ती देते.

हे एंजिन हलके व स्वस्त होत गेले ते ओतकामाच्या प्रगतीमुळे. १९५३ साली अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कारखान्याने साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचे लहान एंजिन बाजारात आणले. १९८३ साली जपानच्या होंडा कारखान्याने जीएक्स ही मालिका सुरू केली. तीत झडपा सिलिंडरच्या माथ्यावर होत्या आणि सिलिंडर कलता ठेवलेला होता. पुढे याच धर्तीची एंजिने चीनमधील व इतर ठिकाणचे अनेक कारखाने बनवू लागले. बाजारात आढळणारे १९६ घनसेंटिमीटरचे स्वस्त एंजिन बहुधा याच कुळातील असते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ५४ मिलिमीटर असते. पुढील विवेचनात हेच एंजिन आपण नमुन्यादाखल घेऊ.

एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे असे समजा. दोन ध्रुवांच्या जनित्रातून ५० आवर्तनांची वीज मिळावयाची तर हाच वेग लागतो. या वेगाला दट्ट्या सेकंदाला ५० वेळा खालीवर होतो आणि सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटते. एखादी दुचाकी ताशी ४० किलोमीटर वेगाने १०० तास चालली तर ४,००० किलोमीटर अंतर कापील. तेवढ्यात तिचा मालक तिच्या वंगणतेलाची आठवण निश्चित ठेवील. पंपाचे एंजिन तेवढेच तास एका जागी उभे राहून चालते. अंतर दिसत नाही, म्हणून झीजही ध्यानात येत नाही.

३. स्वस्तपणा कोठे असतो?

स्वस्त एंजिनाचे मुख्य भाग आराखड्याने चांगल्या एंजिनासारखेच असतात. फरक असतो तो मापांच्या काटेकोरपणात, धातूच्या प्रतीत व अखेरच्या तपासणीत. ओतकामातील किंवा कातकामातील धातूचा चुरा कधी आतच राहून जातो. बोल्ट सारख्या जोराने आवळलेले नसतात. पेट्रोलची रबरी नळी, ठिणगीचा प्लग, दोरीची कप्पी व गॅस्केटे हलक्या प्रतीची असू शकतात.

या उणिवांपैकी बहुतेक पहिल्या २० तासांतच प्रकट होतात व थोड्या खर्चात दूर करता येतात. नवे एंजिन आणल्यावर प्रथम त्यात तेल आहे की नाही ते पाहावे. वाहतुकीच्या सोयीसाठी ती बहुधा तेलाविना विकली जातात. बैठकीचे, धुराड्याचे व कार्ब्युरेटरचे बोल्ट तपासावेत, आणि पहिले काही तास एंजिन हलक्या भारावर चालवावे. पहिले तेल २० तासांनंतर बदलावे. एकाच आराखड्याची एंजिने अनेक कारखाने बनवीत असल्यामुळे सुटे भाग सर्वत्र मिळतात, हा या एंजिनांचा मोठा गुण होय. तथापि नवा भाग जुन्याशी मापाने ताडून पाहिल्यावाचून बसवू नये.

४. हवा आणि धूळ

वरील एंजिन दर दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त १९६ घनसेंटिमीटर हवा ओढू शकते. ३,००० फेऱ्यांना हे प्रमाण मिनिटाला २९४ लिटर, म्हणजे तासाला सुमारे १७,६०० लिटर होते. प्रत्यक्षात ते काहीसे कमी असले तरी एवढी हवा एंजिनाच्या पोटातून जाते, हे ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात मळणीच्या खळ्याजवळ किंवा राजस्थानातील वाळवंटी प्रदेशात त्या हवेबरोबर किती धूळ जात असेल याची कल्पना करता येईल. धुळीतील स्फटिकाचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. दट्ट्याच्या कड्यांना चिकटलेले कण सेकंदाला ५० वेळा सिलिंडरची भिंत घासतात. भिंत झिजली की दाब कमी होतो, धुराड्यातून निळसर धूर येतो आणि तेल संपू लागते.

यास्तव हवेची गाळणी हा एंजिनाच्या आयुष्याचा खरा रक्षक होय. दर ५० तासांनी, आणि धुळीच्या जागी रोजच्या रोज, ती उघडून पाहावी. स्पंजाची गाळणी कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी, स्वच्छ तेलात बुडवून घट्ट पिळावी व मगच बसवावी. कागदी गाळणीला तेल लावू नये. ती हलकेच आपटून झटकावी व फाटल्यास बदलावी. गाळणी काढून ठेवल्यास एंजिन जोरात चालते असा समज काही ठिकाणी आहे. गाळणी चोंदलेली असेल तर तसे वाटेलही; परंतु गाळणी काढणे हा त्यावरील उपाय नव्हे, ती स्वच्छ करणे हा होय.

हवा आणखी एका कामासाठी लागते. गतिचक्रावरील पंखा सिलिंडरच्या पात्यांवरून हवा लोटून एंजिन थंड ठेवतो. पात्यांत गवत व भुसा अडकला की उष्णता कोंडते. पंख्यावरील पत्र्याचे आवरण ही हवा योग्य मार्गाने नेते. म्हणून ते काढून एंजिन चालविल्यास ते थंड न राहता उलट अधिक तापते.

५. वंगण

मोटारीच्या एंजिनात तेल ढकलणारा पंप व ते गाळणारी गाळणी असते. आपल्या लहान एंजिनात बहुधा दोन्ही नसतात. जोडदांड्याच्या खालच्या टोकाला एक लहानशी पळी असते. ती प्रत्येक फेऱ्यात तेलात आपटून त्याचे शिंतोडे सर्वत्र उडविते. या साध्या योजनेतून तीन नियम निघतात.

पहिला नियम असा की, एंजिन सपाट जागी ठेवावे. ते बांधावर तिरपे ठेवल्यास पळी तेलापर्यंत पोहोचतेच असे नाही. दुसरा नियम पातळीचा. तेलाची एकूण मात्रा सुमारे ०.६ लिटर, म्हणजे जेमतेम तीन पेले असते. त्यातून थोडे कमी झाले तरी वाटा मोठा असतो. म्हणून दररोज सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी. तिसरा नियम बदलण्याचा. गाळणी नसल्यामुळे झिजलेल्या धातूचा प्रत्येक कण तेलातच फिरत राहतो, आणि तो बाहेर काढण्याचा मार्ग एकच : तेल बदलणे. दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, एंजिन गरम असतानाच तेल काढावे, म्हणजे कण तळाशी बसावयाच्या आत तेलाबरोबर निघून येतात. आपल्याकडील उष्ण हवेत एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० प्रतीचे तेल सामान्यतः चालते. तरी कारखान्याच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी.

दोन धावांच्या एंजिनांत तेलाची वेगळी कोठी नसते. तेथे ठरलेल्या प्रमाणात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. अशा एंजिनात साधे पेट्रोल भरणे म्हणजे ते वंगणाविना चालविणेच होय.

६. इंधन

एंजिन सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण मोडतोड हे नसून शिळे पेट्रोल हे असते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके, सहज पेटणारे अंश आधी उडून जातात आणि मागे राहिलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र मिलिमीटरहूनही लहान असते. ते बुजण्यास राळेचा पातळ थर पुरेसा होतो.

भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. लहान एंजिनाच्या मालकाने त्याचे तीन गुणधर्म जाणून घ्यावेत. एक, इथेनॉल पाणी शोषून घेते; पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि एंजिनाला जाणारी नळी तळापासूनच निघते. दोन, जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते किंवा भेगाळते. तीन, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळण्यास हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १५ भाग, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग. जेटचे छिद्र तेच राहिल्यामुळे मिश्रणात हवेचे प्रमाण किंचित अधिक ठरते, आणि थंड एंजिन सुरू करताना चोक थोडा अधिक वेळ लावावा लागतो. आपल्या एंजिनाला किती टक्के इथेनॉल चालते हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

यावरून आचरणाचा नियम सोपा आहे. लागेल तेवढेच पेट्रोल आणावे व ते झाकणबंद भांड्यात ठेवावे. एंजिन महिनाभराहून अधिक काळ बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालील बोल्ट सैल करून तीतील पेट्रोलही काढावे. रोजच्या वापरातसुद्धा दिवसाच्या शेवटी पेट्रोलची तोटी बंद करून एंजिन आपोआप थांबू देणे हितकर असते. पावसाळ्यात आंबमट हवेच्या किनारपट्टीवर एंजिन ठेवून द्यावयाचे असल्यास प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर तेल सोडावे, प्लग बसवून दोरी हळूहळू ओढावी व जोर लागू लागताच थांबावे. त्या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व दमट हवा आत जात नाही.

७. ठिणगी व झडपा

प्लगच्या टोकांतील अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे. प्लग हा एंजिनाच्या प्रकृतीचा आरसा आहे. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक; कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी; तेलकट ओले असेल तर तेल वर येत आहे; आणि पांढरे फटक असेल तर एंजिन फाजील तापत आहे, असे समजावे.

झडपांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. धूर सोडणारी झडप तापून लाल होण्याइतकी उष्णता सोसते, आणि ती उष्णता मुख्यतः बैठकीला टेकलेल्या क्षणीच बाहेर देते. वापराने झडप बैठकीत रुतत जाते व तिची मोकळीक नाहीशी होते. मग ती पूर्ण मिटत नाही, उष्णता देऊ शकत नाही व अखेर जळते. गार एंजिन सुरू होते, पण तापल्यावर थांबवले की पुन्हा सुरू होत नाही, हे त्याचे पूर्वचिन्ह होय. दर ३०० तासांनी, एंजिन पूर्ण थंड असताना, आत घेणाऱ्या झडपेची मोकळीक ०.१५ व सोडणाऱ्या झडपेची ०.२० मिलिमीटर आहे की नाही हे फीलर गेजने पाहावे. एंजिन दुसऱ्या आराखड्याचे असेल तर ही मापे त्याच्या पुस्तिकेतून घ्यावीत.

८. वेग व भार

पाणी अधिक यावे म्हणून वेगनियंत्रकाची स्प्रिंग ताणण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी होतो. दट्ट्याला थांबवून उलट फिरविण्यास लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे ३,००० वरून ४,००० वर नेले तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, परंतु हे बल सुमारे १.८ पट होते. लहान एंजिनाचा जोडदांडा ॲल्युमिनियमचा असतो व तो भुजादंडावर वेगळ्या बेअरिंगशिवाय फिरतो. तो तुटला की बहुधा एंजिनाची पेटीच फोडतो. म्हणून अधिक पाणी हवे असल्यास मोठे एंजिन घ्यावे. लहान एंजिन पळवू नये.

उंचीचाही विचार करावा. दर ३०० मीटर उंचीला शक्ती सुमारे ३.५ टक्के घटते. म्हणजे सुमारे २,२०० मीटर उंचीवरील शिमल्यात तेच एंजिन मैदानापेक्षा सुमारे एक-चतुर्थांश कमी शक्ती देते. तेथे ते दुबळे वाटले तर तो दोष एंजिनाचा नसून विरळ हवेचा आहे.

९. एंजिन सुरू होत नसल्यास

एंजिनाला चालण्यास तीनच गोष्टी लागतात : इंधन, ठिणगी व दाब. त्या याच क्रमाने तपासाव्यात. टाकीत ताजे पेट्रोल आहे काय, तोटी उघडी आहे काय, वाटीत पेट्रोल उतरते काय, हे प्रथम पाहावे. नंतर प्लग काढून पाहावा : बराच वेळ दोरी ओढूनही तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही, आणि ओला असेल तर ठिणगीचा संशय घ्यावा. शेवटी दोरी ओढताना पूर्वीइतका जोर लागतो काय ते पाहावे. लागत नसेल तर झडप किंवा कडी यांचा दोष आहे. अनेक एंजिनांत तेल कमी झाल्यास ठिणगी तोडणारी योजना असते. अशा वेळी ती योजना निकामी करणे म्हणजे रखवालदाराने हाक मारली म्हणून त्यालाच घालविणे होय. आधी तेल पाहावे, मग एंजिन सपाट आहे काय ते पाहावे.

१०. प्राणघातक धूर

या एंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे जखडतो व शरीर गुदमरते. म्हणून बंद खोलीत, दुकानाच्या पडवीत किंवा खिडकीलगत जनित्र कधीही चालवू नये.

आपल्या देशात हा धोका विहिरीत विशेष आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पंप पाणी ओढतो म्हणजे वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. नळीतील घर्षण व गळती यांमुळे प्रत्यक्षात सुमारे ७ मीटरच्या खाली गेलेले पाणी ओढले जात नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मनुष्य एंजिनच विहिरीत उतरवितो. तेथे वारा नसतो, धूर कोंडतो, आणि एंजिन बंद करण्यास उतरलेला मनुष्य बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो व तोही वर येत नाही. एंजिन विहिरीत उतरवू नये, हा या पुस्तिकेतील सर्वांत महत्त्वाचा नियम समजावा. पाणी खोल गेले असेल तर पाण्यात बुडणारा विजेचा पंप बसवावा व जनित्र वर, उघड्या हवेत ठेवावे.

गरम एंजिनात पेट्रोल ओतू नये, हेही येथेच सांगणे योग्य. काही मिनिटे थांबल्याने काम अडत नाही.

११. निगेचे वेळापत्रक

दररोज : तेलाची पातळी, हवेची गाळणी, पेट्रोलची गळती, सैल बोल्ट.
पहिल्या २० तासांनी : तेल बदलणे, सर्व बोल्ट आवळणे.
दर ५० तासांनी : हवेची गाळणी धुणे, थंडाव्याची पाती साफ करणे.
दर १०० तासांनी : तेल बदलणे, प्लग साफ करून अंतर पाहणे, पेट्रोलची गाळणी व वाटी साफ करणे.
दर ३०० तासांनी : झडपांची मोकळीक पाहणे, प्लग बदलणे, पेट्रोलची नळी तपासणे.

हे तास स्मरणात राहत नाहीत. एंजिनाजवळ एक वही टांगावी व रोज किती तास काम झाले ते लिहावे. एंजिन दुसऱ्याला उसने द्यावयाचे असल्यास वहीही बरोबर द्यावी.

१२. करून पाहा

(अ) पहिले तेल बदलताना ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या. पातळ कागदात गुंडाळलेला लोहचुंबक त्यात फिरवा. कागदाला चिकटलेला चुरा लोखंडाचा होय. तेलात चमकत राहिलेले कण ॲल्युमिनियमचे होत. दुसऱ्या व तिसऱ्या वेळीही असेच करा व फरक वहीत नोंदवा.

(आ) हा प्रयोग उघड्या हवेत, विस्तवापासून दूर व जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखाली करावा. काचेच्या उभ्या मापपात्रात ८० मिलिलिटर पेट्रोल व २० मिलिलिटर पाणी घ्या. हलवून दहा मिनिटे ठेवा. तळाचा थर २० मिलिलिटरहून मोठा झालेला दिसेल. ही वाढ पेट्रोलमधून पाण्यात गेलेल्या इथेनॉलमुळे होते.

प्रश्न

१. लहान एंजिनात तेलाची गाळणी नसल्यामुळे मालकाचे कोणते कर्तव्य वाढते?
२. पंख्यावरील आवरण काढल्यास एंजिन अधिक का तापते?
३. फेरे ३,००० वरून ३,६०० केल्यास दट्ट्यावरील बल किती पट होईल?
४. विहिरीतील पाणी १२ मीटर खोल गेले असता काठावरील पंप ते का ओढू शकत नाही? अशा वेळी आपल्या गावात काय करतात, व ते सुरक्षित आहे काय?